पीच्या म्होरं यस

मुलांनो, अंबाजोगाईत इंटरनेट नवं होतं तेव्हा मी ज्याच्या दुकानात मेल बघायला जायची, त्याचा एक नियम होता. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं कुलूप दिसल्याशिवाय पासवर्ड टाकायचा नाही. "कुलूप लागलं का?" असं विचारून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

तुमच्यातल्या थोरलीचा जन्मानंतरचा पहिला फोटो मेलवर आला, त्या दिवशी मला धीर नव्हता.

"आजी, कुलूप न्हाई लागलं. पत्त्यात एचटीटीपी हाय न्हवं, त्यातल्या पीच्या म्होरं यस लिवा," दुकानदार म्हणाला.

मी वाय, ई, एस असं लिहिलं. पान उघडेना.

"राहू दे ते कुलूप! नात बघायचीय मला."

"न्हाई. तुमचा पासवर्ड वाटंत कुणीबी वाचंल." मग पडदा पाहून तो हसला. "इंग्रजी लई झालं, आजी! निस्ता यस. सापाचा यस."

कुलूप लागलं. तो भिंतीकडे वळला, मी पासवर्ड टाकला. फोटो कपाळापासून हळूहळू उतरू लागला. तो भिंतीकडेच बघत होता.

"अरे, बघ ना!"

"तुमच्या कुलपातलं हाय. मी कसं बगू?"

"मी बोलावतेय ना!"

तेव्हा कुठे तो शर्टाला हात पुसत वळला, परक्या घरात पाऊल टाकावं तसा.