पावरबाईची पाळी

पावरबाई इंजिनाशेजारी उभ्या राहायच्या, मान जराशी कलती करायच्या आणि सांगायच्या, "वरच्या टोलीत कोणीतरी शेगडी लावून राहिला." आम्ही दोघं-तिघं त्या वरच्या वस्तीत जाऊन बघायचो, तर खरंच कुणाच्या तरी मागच्या खोलीत टोपल्याआड लपवलेली विजेची शेगडी सापडायची. मी गावातला शिकलेला माणूस, खिशाला पेन लावून हिंडणारा. मला त्या इंजिनाचा आवाज रोज सारखाच वाटे.

देवरीच्या पुढं मोठा रस्ता सोडून जंगलात शिरलं की आमचं गाव लागायचं. मी तिथं शाळेवर रुजू झालो तेव्हा विजेचे खांब गावाच्या बरेच अलीकडे थांबले होते. मग कुठल्याशा योजनेतून एक यंत्र मिळालं. लाकडाच्या तुकड्यांचा वायू करायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं. ते ना सरकारचं होतं ना कुठल्या कंपनीचं. गावाच्या समितीचं होतं. दर घरामागे दोन दिवे, शाळेला दोन, आणि पिण्याच्या पाण्याची मोटर. अक्षर बरं म्हणून सचिव मला केलं.

पहिल्या दिवशी आम्ही जो घोळ घातला, तो आठवला की अजून हसू येतं. नागपूरहून आलेल्या साहेबांनी प्रत्येक घरातून लाकूड आणायला सांगितलं आणि ते जेवायला गेले. एवढ्या नव्या यंत्राला जुनं वाळकं सरपण कसं घालायचं, म्हणून सगळ्या गावानं मोठ्या मानानं बांधावरच्या ताज्या, ओल्या फांद्या तोडून आणल्या. यंत्र नुसतं धूर ओकत राहिलं. सगळे डोळे चोळत उभे असताना मागून एक बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "चुलीले जे चालत नाही, ते यंत्राले काऊन चालन?"

त्या सुमित्राबाई. खालच्या टोलीत, बुद्धविहाराला लागून त्यांचं घर. घरात त्या एकट्या, आणि रोवणी-कापणीच्या मजुरीवर पोट. दुसऱ्या दिवशी त्यांनी तळ्याकाठी माजणारी बेशरमाची वाळलेली झुडपं बोटाबोटाएवढी तोडून आणली. दोन तुकडे कानाशी धरून एकमेकांवर वाजवायचे, खणखणीत आवाज आला तरच आत टाकायचे. त्या संध्याकाळी गावात दिवे लागले. साहेबांनी त्यांनाच इंजिन शिकवलं आणि त्या गावाच्या पावरबाई झाल्या. खालच्या टोलीतली बाई कशाला, असं दोन-चार जण कुजबुजले, पण उजेडात बसून कुजबुजायला त्यांनाही लाज वाटली असावी.

पावरहाऊसच्या भिंतीवर मी खडूनं पाळीची नावं लिहीत असे. ज्याची पाळी, त्याच्या घरून त्या दिवशी वाळल्या लाकडाची एक मोळी. गुरुवारच्या नावांत बाईंचंही नाव होतं. मी एकदा म्हटलं, तुम्ही दिवसभर इथं राबता, तुम्हाला मोळी माफ करू. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खडू खाली ठेवला. "मोळी नाही आणली तं मी नोकर झाली, गुरुजी. आता मी मालक आहो."

तिसऱ्या पावसाळ्यात इंजिनाचा एक भाग तुटला आणि गाव पुन्हा चिमणीवर आलं. तेव्हा पाटील पुढं झाले. पाटील म्हणजे गावातले सगळ्यात मोठे धानवाले, माणूस वाईट नाही, पण हुकूम करायची सवय. नवं, मोठं इंजिन मी आणून देतो, म्हणाले. दिवसा त्यावर माझा उन्हाळी धानाचा पंप चालेल, संध्याकाळी तुमचे दिवे. सभेतल्या माना हलायला लागल्या, आणि खरं सांगतो, माझीही हलली. बाई उठून एवढंच म्हणाल्या, "इंजन पाटलाचं झालं, तं मंग मोळी कोणाच्या घरी टाकाची?"

शेवटी दुरुस्तीसाठी घरामागे एक पायली धान काढायचं ठरलं. पाटलांनी पोतं पाठवलं. बाईंनी सगळ्यांसमोर त्यातून एक पायली मोजून घेतली आणि पोतं शिवून परत पाठवलं. मग तो तुटका भाग फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन त्या एस.टी.नं नागपूरला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी तसाच नवा घेऊन उतरल्या. दिवे लागले. पाटलांनी मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. मोळी येत राहिली, पण गड्याच्या डोक्यावरून. पुढं दिवसा त्याच इंजिनावर गावानं धान भरडायची गिरणी बसवली. देवरीपर्यंत पोती वाहणं थांबलं आणि दुरुस्तीसाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ पुन्हा आली नाही.

काही वर्षांनी मोठी लाइन गावात आलीच. तिकडे तिरोड्याला विजेचं भलं मोठं केंद्र उभं राहिल्याचं सांगत लाइनबरोबर आलेले एक साहेब म्हणाले की आता या लाकडाच्या खेळण्याची गरज उरली नाही. बाईंनी शांतपणे विचारलं, "तिथं आमची पाळी कोणत्या दिवशी राहाते, साहेब?" साहेबांना प्रश्नच कळला नाही. मला कळला, आणि त्या बाईच्या शेजारी उभं असल्याचा मला फार अभिमान वाटला.

तरी त्या हट्टाला पेटल्या नाहीत. घरचे दिवे लाइनवर जाऊ द्या, पण गिरणी आणि पाणी आपल्या हातात ठेवा, असं त्यांनीच सभेत सांगितलं. लोकांनी मान्य केलं, पण मोळ्या हळूहळू कमी होत गेल्या. घरात बटण दाबलं की उजेड. लाकूड कोण फोडणार? बाईंना ते लागायचं. "यंत्र नाही बंद पडत, गुरुजी," त्या म्हणत, "माणसाचं येणं बंद पडते."

अशाच एका हिवाळ्यात बाईंना तापानं गाठलं. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, पण तिथून त्या परत आल्या नाहीत. विहाराच्या अंगणात सारं गाव बसलं होतं. मी लाज न बाळगता रडलो.

पुढचा गुरुवार आला. बाईंच्या घरी मोळी बांधणारं कुणी उरलं नव्हतं. मी सकाळी पावरहाऊस उघडलं, भिंतीवरचं त्यांचं नाव बघत उभा राहिलो. आता एकेक नाव असंच जाणार आणि एक दिवस भिंत कोरी होणार, असं वाटलं. मी ओलं फडकं उचललं.

तेवढ्यात दारात मोळी आपटल्याचा आवाज झाला. पाटील उभे होते. सोबत गडी नव्हता. मोळी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर आणली होती आणि चुंबळ अजून तशीच डोक्यावर होती. ते खाली बसले, मोळीतले दोन तुकडे काढले, कानाशी धरून एकमेकांवर वाजवले आणि माझ्यापुढं धरले.

"नाव पुसू नका, गुरुजी," ते म्हणाले. "आज बाईची पाळी होय. माझी मोळी सोमवारी येईन."

पुढं माझी बदली झाली. गेल्या वर्षी गावात गेलो तेव्हा गिरणी चालू होती आणि भिंतीवर गुरुवारच्या नावांत बाईंचं नाव होतं. माझा खडू कधीच पुसला गेला असणार. अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं आणि ताजं होतं.