आमचा सोळावा हिस्सा

माझ्या आत्याला कुठल्याही ऑफिसात खुर्ची मिळायची. ती मागायची नाही. काउंटरपाशी नुसती उभी राहायची आणि जरा वेळाने आतून कोणीतरी खुर्ची आणून ठेवायचं. मोठेपणा मिरवणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आधी व्हिजिटिंग कार्ड पुढे करावं लागतं. आत्याकडे कापडी पिशवीशिवाय काही नसायचं.

ती बाबांची मोठी बहीण. चारकोपला आमच्याकडेच राहायची. कोकणातल्या आमच्या घराचे आणि बागेचे सोळा हिस्सेदार कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे होते, पण आत्याचा फोन सगळ्यांकडे जायचा. बाबा चिडायचे. ती म्हणायची, "भांडण जमिनीचं आहे रे, फोनचं नाही."

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांची नोकरी गेली आणि निम्म्या पगाराची दुसरी धरावी लागली. कॉलेजच्या ट्रस्टकडे फीमाफीचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. हिशेब करणाऱ्याने सातबाऱ्यावरची सगळी बाग एकट्या बाबांची धरली होती. कागदोपत्री आम्ही एकदम बागायतदार झालो. आठवड्यात फी भरली नाही तर माझं कॉलेज सुटणार होतं.

बाबा तिथे जाऊन भांडून आले, उपयोग झाला नाही. मग मला घेऊन आत्या गेली. खुर्ची आलीच. सातबाऱ्यावर सोळा नावं आहेत हे मदत कक्षातल्या मॅडमना मान्य होतं. पण आंबे प्रत्यक्षात कोण नेतं, हे कशावरून ठरवायचं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आत्या म्हणाली, उद्या त्यांनाच विचारा.

दुसऱ्या दिवशी मुंबईतले सगळे हिस्सेदार मदत कक्षातल्या बाकांवर बसले होते. वकिलांशिवाय ही माणसं एका खोलीत बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मॅडमनी बागेबद्दल विचारायला सुरुवात केली मात्र, मुलुंडचे बाळाकाका म्हणाले, "वयलां कलम माझ्या बापाशीन लावलेलां."

"आणि पाणी कोणी घातल्यान?" घाटकोपरच्या शालूताईने विचारलं.

पुढे मॅडमना काही विचारावंच लागलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला. एकट्याला या बागेतून काही मिळत असेल असं त्यांना आता वाटत नव्हतं. बाबांचं बागेचं उत्पन्न शून्य धरते, सगळी फी माफ होईल, असं त्या म्हणाल्या.

"शून्य नको," आत्या म्हणाली. "सोळावा हिस्सा धरा."

मग अर्धीच फी माफ होईल, हे मॅडमनी समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, चालेल.  पोरीच्या फीचा प्रश्न असताना बाकांवरून हरकत कोण घेणार?

बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आले होते. इतका खरेपणा कशाला, असं तिला विचारलं.

"खरेपणा राहू दे गं," ती म्हणाली. "शून्य लिहू दिलं असतं तर बाग आपली नाही हे आपणच कबूल केलं असतं. ते सगळे ऐकत होते ना."

 उरलेली अर्धी फी शेवटच्या वर्षापर्यंत तिने आपल्या पेन्शनमधून भरली.

आत्या गेली, आणि त्यानंतर वाटणी झाली. एकेका झाडावरून वाद झाले. बाबांच्या हिश्श्याची पाळी आली तेव्हा हरकत घ्यायला कोणीतरी घसा खाकरला. बाळाकाकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "तां तिना तेव्हाच सांगल्यान."