सिस्टरचा डावा पाय

हे मी आजपर्यंत कुणापुढं काढलेलं न्हाई. बायको असती तर तिला सांगितलं असतं, पण हे घडलं तोवर ती गेली होती. पोरगा पुण्याला. त्याला फोनवर काय सांगणार — जेवलो, बरा हाय, तू कसा हाय, झालं. तुम्ही बसलात म्हणून सांगून राहिलो. मधीच अडखळलो तर जरा थांबा, हे तोंडातून सरळ निघणारं न्हाई.

नांदेडला लातूर फाट्याजवळ माझं गॅरेज हाय. नव्या गाड्या माझ्याकडं येत न्हाईत, त्यांना कॉम्प्युटर लावणारे वर्कशॉप हायेत. माझ्याकडं येतात त्या म्हाताऱ्या गाड्या. एखाद्या दिवशी तर कुणीच येत न्हाई. मग मी आपला एखादी उभी गाडी उघडून बसतो आणि तिच्याशीच बोलतो. बायको गेल्यापासून ही आदत लागली — हसू नका.

सिस्टरही पहिल्यांदा अशीच एक म्हातारी गाडी घेऊन आल्या. भोकरकडं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर होऊन नांदेडला आलेल्या. नाव होतंच की, पण आख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, मग मीही. नवऱ्याची एक छोटी पांढरी गाडी होती. तो वारला आणि गाडी धूळ खात पडली. नातेवाईक म्हणाले, विकून टाका. तर ह्या बाईनं साठीच्या वयात ड्रायव्हिंगचा क्लास लावला. भाचे तोंडावर हसले. ह्या म्हणाल्या, हसा, आणि शिकल्या. पहिल्या दिवशी गॅरेजला आल्या त्या सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमधी.

तेव्हापासून दर रविवारी विहारातून परतताना यायच्या. जयभीम मिस्त्री, म्हणायच्या, आणि मी टेम्पोची जुनी सीट बाकडं म्हणून ठेवली होती तिच्यावर बसायच्या. गाडीला काही झालेलं नसायचं. हवा बघा, पाणी बघा, असलं मामूली काहीतरी. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची, अर्धी मला. पिशवीत बीपीचं मशीन. माझ्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि मीठ कमी करा म्हणून रागवायच्या. बायको गेल्यावर मला कुणी हात लावला असंल तर तो एवढाच.

मनात काही होतं का? — विचारा, विचारा. होतं. त्याला काय नाव द्यायचं ते मला आजही कळत न्हाई. सोमवारपासून मी रविवारची वाट बघायचो, एवढं खरं.

मग एका रविवारी म्हणाल्या, मिस्त्री, पोरगी लातूरला बोलावून राहिली, कायमची. मी जाणार, पण माझी गाडी मीच चालवत नेणार. परवा लोह्यापर्यंत जाऊन आले, चढाला इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी ओढत न्हाई. तेवढं बघून ठेवा. आणि हसल्या. लई खूश होत्या. मला काय झालं असंल त्या वेळी? तोंडानं म्हटलं, गाडी ठेवून जा, बघतो.

त्या गेल्यावर गाडी बघितली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. क्लच धड असला तर इंजिन जागच्या जागी बंद पडतं. ते घरघरत राहिलं. म्हणजे क्लच घसरत होता. कुणीही म्हणेल, क्लचची प्लेट झिजून गेली. पण मी पेडल हातानं दाबून बघितलं. वर बोटभर ढील पाहिजे असते, ती अजिबात न्हाई. केबल ताणलेली, म्हणून क्लच पुरता बसतच नव्हता. आणि केबल ताणली कुणी? — मी. मागच्या सर्व्हिसिंगला. गप्पांच्या नादात ढील ठेवायची राहून गेली होती. केबलचा एक नट मागं घ्यायचा होता. चहा गार व्हायच्या आत होणारं काम, पैसेसुद्धा मागता येऊ नयेत असं.

मी तो नट मागं घेतला न्हाई.

पुढच्या रविवारी त्या आल्या. आमच्या लाइनीत रिवाज हाय — जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, त्याशिवाय त्याचा विश्वास बसत न्हाई. मी भंगाराच्या पिंपातून काळ्यापिवळ्या जीपची एक जळकी प्लेट काढून ठेवली होती. ती त्यांच्या गाडीत मावली पण नसती, एवढी मोठी. दुसरा कुणी मिस्त्री असता तर तिथंच पकडला असता मला. सिस्टरला काय माहीत? मी प्लेट त्यांच्या हातात दिली. म्हटलं, तुमच्या गाडीतली हाय. आख्खा सेट बदलावा लागंल, जुनं मॉडेल, हैदराबादहून मागवावा लागंल, अठरा हजार. दीड-दोन महिने तरी धरा. त्या गाडीचीच किंमत किती राहिली होती? पण मला पैसे नको होते. मला ते दोन महिने पाहिजे होते. आठ-नऊ रविवार.

इथपर्यंत सांगितलं तर माणूस एकटा होता म्हणून चुकला, असं वाटतं ना? मलाही लई दिवस तसंच वाटायचं. पण पुढचं हाय.

सिस्टरनी विचारलं, ही अशी जळली कशानं? आता गाडी जुनी झाली म्हणालो असतो तर भागलं असतं. पण मला भ्या वाटलं. त्या विचारतील, मग मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग केली तेव्हा दिसलं न्हाई का? माझा नट मला दिसून राहिला होता. म्हणून म्हटलं — तुम्ही पाय क्लचवरच ठेवता. नवीन शिकलेल्या बायांना ही आदत असतेच.

खोटं, साफ खोटं. त्यांचा डावा पाय गिअर टाकून झाला की पेडल सोडून बाजूला खाली जायचा, क्लासात शिकवला तस्सा. कितीदा बघितलेलं मी. असं चालवणारे ड्रायव्हर पण कमी असतात.

सिस्टर त्या प्लेटवरून बोट फिरवत बसल्या. बोट काळं झालं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच पायानं जळली."

"हाव," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, सेट येईस्तोवर नांदेडलाच थांबतील. थांबल्या न्हाईत. पाणी प्याल्या, चावी सीटवर ठेवली आणि म्हणाल्या, विकून टाका मिस्त्री, म्हातारपणी खूळच होतं ते. त्या उठून रिक्षापर्यंत जाईस्तोवर मला बोलता आलं असतं. मी कपड्याला हात पुसत उभा होतो. पुसायला काही राहिलं नव्हतं तरी पुसत होतो.

त्याच आठवड्यात जावई येऊन त्यांना लातूरला घेऊन गेला. मी नट मागं घेतला. गाडी धर्माबादच्या एका माणसानं घेतली, आले तेवढे सगळे पैसे सिस्टरला पाठवले — ते काही पुण्य म्हणून सांगत न्हाई. तो माणूस कधीमधी माझ्या दारावरून जातो. प्लेट तीच हाय, चढाला कुठंच कुरकुरत न्हाई. रविवारी मी गॅरेज आता बंद ठेवतो.

दिवाळीला सिस्टरचा फोन आला होता. बीपी विचारलं, मीठ विचारलं. पोरीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर हाय, खाली उतरणं होत न्हाई म्हणाल्या. कुठं जायचं झालं तर जावयाला वेळ पाहिजे. मग हसत म्हणाल्या, मिस्त्री, जावयाच्या गाडीत पुढं बसले ना, की माझ्यासमोर पेडल नसतं तरी मी डावा पाय मागं ओढून घेते, उगंच काही जळायला नको.

मी काय म्हटलं असंल?

बरं करता सिस्टर, म्हटलं.