टाकीतली ओल

नव्या टाकीच्या नळाला कावळा चोच लावून बसला होता. नळ कोरडा. वर पाटीवर तीन नावं, सरकारचं, कंपनीचं आणि संस्थेचं. तिघांनी मिळून आमचं गाव सक्षम केलं म्हणे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरपंच दारात आला. "आजी, पाइप जोडायचा राहिलाय. बायकांना विहिरीचं पाणी टाकीत ओतायला सांगा, पाहुण्यांपुरतं."

"पाहुणे आंघोळीला येणारेत का रे?" मी म्हटलं. तरी गावाची लाज म्हणून आम्ही ओतलं. माझी सून पोटुशी, तीही विहिरीच्या पायऱ्या उतरली. दुसऱ्या दिवशी आमचंच पाणी नळातून पडलं आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेची बाई म्हणाली, "आता हे तुमचं हं, सांभाळा."

पाइप अजून तसाच पडलाय. सरकार कंपनीकडे बोट दाखवतं, कंपनी संस्थेकडे, संस्था आमच्याकडे. बारभाईचा कारभार.

कावळा शहाणा, तो विहिरीकडे उडाला. त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून सून कळशी घेऊन निघाली. मी कळशी तिच्याकडून काढून घेतली आणि जाता जाता टाकीच्या बुडाशी तंबाखूची पिंक टाकली. तेवढीच टाकीला ओल.