अडखळण्याची तालीम

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठा असलेला बॉयलरवालासुद्धा. तिचं काम गरम रुळाचं. धुऊन, पिळून आलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची आणि रुळाच्या तोंडी द्यायची. पलीकडून ती वाफाळत, सपाट होऊन बाहेर पडते. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला सोपं वाटत असेल त्याने एक पाळी त्या वाफेत उभं राहून दाखवावं. मावशीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते आणि ते ती कधी झाकत नसे.

चादरींच्या कोपऱ्यांत काळ्या शाईचे शिक्के असत. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण शिक्क्याचा आकार पाहून ती ढीग बिनचूक लावी. त्यातल्या एका शिक्क्याच्या चादरी तिच्या खास आवडीच्या. जाड, पांढऱ्याशुभ्र, फारशा न मळलेल्या. मोठ्या डॉक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या असणार, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं, आणि त्यांच्या घड्या ती जरा जास्तच मायेने घाली.

मग एक दिवस वरून हुकूम आला, की धुलाईखान्यातल्या निरक्षर बायकांना संध्याकाळच्या वर्गाला पाठवा. हुकूमच तो; कुणाला शिकायचं आहे का, हे विचारायची पद्धत नव्हती. वर्ग इस्पितळामागच्या सभागृहाच्या एका खोलीत भरे; आसपासच्या वस्तीतली निरक्षर माणसंही तिथे येत. बाकं लहान मुलांची, त्यामुळे बसलं की गुडघे हनुवटीला लागत. भिंतीवर भलामोठा फलक होता : ‘जन्मभर शिक्षण, शाश्वत समाज.’ वर्गात आलेल्यांपैकी एकालाही तो वाचता येत नव्हता, पण लावणाऱ्यांची त्याला हरकत नसावी.

“शाश्वत म्हणजे काय हो, बाई?” अक्षरं थोडी जुळायला लागल्यावर मावशीने विचारलं.

“टिकणारा. कायम टिकणारा समाज.”

“समाज टिकतोच आहे की! टिकत नाही ती माणसं.”

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वाईट माणसाने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

धुलाईखान्यातल्या बाकीच्या बायका एकेक करून गळाल्या. मावशी टिकली. दिवसभर वाफेत उकडून निघालेली ही बाई हातपाय धुऊन वर्गात येऊन बसे आणि बोट अक्षराखाली ठेवून असं रेटून वाची, की शेजारच्याने दचकावं. अक्षरं तिला उशिरा भेटली, पण भेटली ती सोडून गेली नाहीत. त्याच वर्षी एका सकाळी, चादर रुळाच्या तोंडी देता देता तिने तो आवडता शिक्का वाचला. ‘शवागार.’ तिने चादर तशीच हातात धरून ठेवली. समोरचं टोक धरलेली बाई ओरडली, “अगं, झोपलीस का उभ्याउभ्या?” मावशीने चादर रुळाच्या तोंडी दिली. त्या दिवशीही तिने त्या चादरींच्या घड्या तितक्याच मायेने घातल्या. तिथेही माणसंच जातात, एवढंच ती घरी लेकीला म्हणाली.

वर्षाअखेरीला पाहुणे आले. वर्ग चालवणाऱ्या साक्षरता प्रकल्पाच्या मोठ्या मॅडम, त्यांच्यासोबत दोन-तीन सूटवाले आणि एक कॅमेरावाला. बाईंनी आळीपाळीने सगळ्यांना उभं केलं, पण एकेकाची बोबडी वळली. कुलपं दुरुस्त करणारे आजोबा तर पुस्तक उलटं धरूनच उभे राहिले. शेवटी मावशी उठली. पहिलाच पाठ : ‘पाणी जपून वापरा. पाणी आहे तर उद्या आहे.’ घाबरल्यामुळे ती ‘जपून’पाशी अडकली, बोट तिथेच टेकवून राहिली, श्वास घेतला, परत सुरू केलं आणि पार पोचल्यावर खुदकन हसली. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कॅमेरावाल्याने बोट आणि हसू दोन्ही टिपलं. महिन्याभरात तो फोटो शहरभर भिंतींवर झळकला.

दुसऱ्या वर्षी पाहुणे आले तेव्हा मावशी अख्खं पुस्तक संपवून बसली होती. तिने तोच पाठ घडाघडा म्हणून टाकला. मॅडमचा चेहरा पडला. “पाठ केलंय वाटतं,” त्या सूटवाल्याच्या कानात म्हणाल्या, पण कुजबुज सगळ्या वर्गाला ऐकू गेली. पाहुणे गेल्यावर साहेबांनी बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. साहेब म्हणजे प्रकल्पाचे व्यवस्थापक. वर्गात त्यांचं येणं पाहुण्यांच्या आगेमागेच. नवशिका माणूस नवशिका दिसला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी वर्ग कशाला चालू ठेवायचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

बाई डोळे पुसत मावशीपाशी आल्या. “मावशी, पुढच्या वेळी जरा अडखळाल का? वर्ग बंद पडला तर या आजोबांनी कुठे जायचं? आणि दुसरी पातळी सुरू होणारच आहे. तुमचं नाव तिथे पहिलं.”

मावशी हो म्हणाली. वर्गासाठी म्हणाली, दुसऱ्या पातळीसाठी म्हणाली, आणि थोडं बाईंच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठीही म्हणाली. तेव्हापासून पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात तालीम सुरू झाली. ‘पाणी’ सरळ म्हणायचं. ‘जपून’पाशी थांबायचं. बोट टेकवायचं, ओठ हलवायचे, श्वास घ्यायचा. “अजून थोडं थांबा, मावशी. हं, आता हसा.” रुळावर चादर जशी अचूक बसे तशी ती ‘जपून’वर अचूक थांबायला शिकली. मॅडम दर वर्षी नव्याने गहिवरत. दुसरी पातळी दर वर्षी पुढच्या वर्षी सुरू होणार असे.

लेकीला हे कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आई, तुला वाचता येतं. सकाळचा पेपर तू मला वाचून दाखवतेस. आणि तिथे जाऊन तू माकडासारखी नाचतेस?”

“नाचत नाही, अडखळते,” मावशी म्हणाली आणि पेपरात तोंड खुपसलं. लेकीचं बरोबर आहे हे तिला कळत होतं, म्हणून तर पेपर इतका वर धरला होता.

तशी तिच्या तिथे बसण्याला आणखी एक बाजू होती. बाईंच्या घरी लहान मूल होतं. त्या अर्ध्या तासात निघून जात. मग वर्ग मावशीच घेई. कुलूपवाल्या आजोबांच्या थरथरत्या हातावर हात ठेवून त्यांना त्यांचं स्वतःचं नाव लिहायला तिने शिकवलं. नाव उमटलं तेव्हा आजोबांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. त्या दिवशी घरी जाताना मावशीला वाटलं, उरलेला जन्म हेच करावं. छाती वाफेने खराब झाली होती, डॉक्टरांनी रूळ सोडा म्हणून बजावलं होतं, ते तर होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. हे काम तिला हवं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला काहीतरी इतकं हवं होतं.

आणि चालून आलंच. मॅडमनी भाषणात जाहीर केलं, की वर्गाला आता मदतनीस मिळणार आणि ती शिकणाऱ्यांमधूनच निवडणार. मावशीने अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. लेकीने फक्त एक स्वल्पविराम घातला, तोही मावशीने खोडला.

मुलाखतीला मॅडम, साहेब आणि बाई बसले होते. तिला पाहताच मॅडम उठून उभ्या राहिल्या. “अहो, या तर आपल्या पोस्टरवाल्या मावशी! आधी तो पाठ वाचून दाखवा. मला फार आवडतो.”

मावशीने ठरवलं होतं, एका दमात वाचायचं. तिने पुस्तक उघडलं. ‘पाणी’ म्हणाली. आणि ‘जपून’पाशी तिची जीभ थांबली. बोट आपोआप टेकलं, ओठ हलले, श्वास आत गेला. ती थांबवायला गेली, तर थांबलेलंच आणखी थांबलं. इतक्या वर्षांची तालीम अंगवळणी पडली होती. ती आता मावशीला विचारत नव्हती. शेवटी शब्द बाहेर पडला आणि मेलं ते हसूही आलं.

“मला नीट येतं,” ती घाईघाईने म्हणाली. “हा टेबलावरचा पेपर द्या, वाचून दाखवते. बाईंना विचारा. वर्ग मीच घेते.”

मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. “राहू द्या, मावशी. किती कराल या वयात? मी दर वर्षी स्वतःच्या कानांनी ऐकते ना.”

मावशीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलं, साहेबांकडे बघितलं, आणि मिटलं. खरं सांगितलं असतं तर तालीम उघडी पडली असती. त्यांनी मूग गिळले, आणि मावशीच्या तोंडाला पानं पुसली गेली.

शिकणाऱ्यांमध्ये लायक कुणी सापडलं नाही, असं ठरलं आणि जागेवर एक पदवीधर मुलगी आली. गुणी मुलगी. आल्या आल्या तिने मावशीलाच विचारलं, की आजोबांचा हात कसा धरायचा, तो फार थरथरतो. मावशीने दाखवलं. न दाखवून काय करणार? हात तर आजोबांचा होता.

पुन्हा पाहुण्यांचा दिवस आला. या वेळी मावशीने मनाशी पक्कं केलं होतं. घरी भिंतीकडे तोंड करून तिने उलटी तालीम केली होती, न थांबण्याची. नाव पुकारताच ती उठली, आणि ‘पाणी जपून वापरा’ हे वाक्य तिने असं म्हटलं, की पुढच्या बाकावरच्यांनी मान वर केली. ती थांबली नाही. पहिला पाठ संपवला, दुसरा वाचला, मधलंच पान उघडून तिथला वाचला. शेवटी भिंतीवरचा तो फलकही मोठ्याने वाचला, शाश्वतसकट. मग मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली. घ्या. आता बोला.

मॅडम टाळ्या वाजवत उठल्या. डोळे भरलेले होतेच. त्या मावशीच्या शेजारून पुढे गेल्या आणि त्या नव्या मुलीला त्यांनी मिठी मारली. “इतकी वर्षं या एका शब्दावर अडत होत्या! आणि तू आलीस काय, काही महिन्यांत हे करून दाखवलंस काय!”

मुलगी लालबुंद झाली. “मॅडम, नाही, यांनीच मला…” तिचं पुढचं टाळ्यांत बुडालं. कॅमेरावाला मावशीकडे वळून म्हणाला, “आजी, परत एकदा आधीसारखं अडखळून वाचता का? आधी आणि नंतर, असे दोन फोटो हवेत.”

मावशीने पुस्तक त्याच्या हातात दिलं. “तुम्हीच वाचा. फार काही कठीण नाही, मी शिकवते.” सगळे हसले, मावशी गमतीदार आहेत, असं मॅडम म्हणाल्या. ती आपली पिशवी घेऊन निघाली. तिच्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. आधीचा फोटो त्यांच्याकडे होताच.

नवं पोस्टर इस्पितळाच्या फाटकावरच लागलं. मावशी पाळीला आली तेव्हा रुळावरची तिची जोडीदारीण तिथेच थांबून बघत होती. डावीकडे मावशी, बोट शब्दावर. उजवीकडे मावशी, मान ताठ, आणि शेजारी ती मुलगी. खाली ठळक अक्षरांत दोन ओळी. मावशीने त्या एका नजरेत वाचल्या : ‘कालपर्यंत यांना एक शब्द वाचता येत नव्हता. योग्य शिक्षिका मिळाली आणि आयुष्य उजळलं.’

“अगं, तूच आहेस की दोन्हीकडे!” जोडीदारीण हरखून म्हणाली. तिला अजूनही अक्षर येत नव्हतं. “खाली काय लिहिलंय गं?”

“पाणी जपून वापरा, असं लिहिलंय,” मावशी म्हणाली. “चल, रूळ तापला असेल.”