सशाच्या मागच्या दाढा

आमच्याकडं बैल घ्यायचा तर आधी त्याचं तोंड उघडतात. खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा, दात बघायचे आणि मगच किमतीचं बोलणं काढायचं. दोन दाती, चार दाती, जुळलेला. मालक खोटं बोलेल, दात बोलणार नाहीत, असं माझे वडील म्हणायचे. त्यांच्यामागं बाजार हिंडून जे काही शिकलो त्यावर माझा शाळेपेक्षा जास्त विश्वास होता. म्हणून तर त्या सकाळी वेस्ट मांबलमच्या घरात, गॅलरीच्या फरशीवर, आम्ही दोन गडी एका सशाचं तोंड उघडून बसलो होतो.

दुसरा गडी म्हणजे आमच्या भट्टीवरचे अण्णा. माझ्याहून बरेच मोठे, माझ्याच तालुक्यातले. त्यांनी सशाचा ओठ बोटानं उचलला, मान वाकडी करून पाहिलं आणि निकाल दिला.

"दात बघ की कसं हायेत. पांढरंफेक. कवळं जनावर हाय. ह्याला काय धाड भरलीया?"

"मग खाईना का?"

"मालकीण न्हाय म्हणून. रुसलाय त्यो."

मालकीण म्हणजे आमच्या वहिनी, शेठच्या बायको. त्या आदल्याच दिवशी सकाळी भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या, शेठ आणि मुलांना घेऊन. जाताना पायरीवरून परत आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "ह्याला जप."

आणि मी मुळातच घोर लावून घेणारा माणूस. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारा.

आठवीत मी शाळा सोडली. घरी कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. दोन वर्षं शेतात काढली आणि मग आमच्या भागातली पोरं जातात तसा गलाईच्या कामाला परमुलखात, इकडं तमिळ भागात आलो. जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध करून सोनाराला परत द्यायचं, हे आमचं काम. दुकान टी. नगरच्या एका बोळात होतं. मांबलम स्टेशनचा पूल ओलांडला की शेठचं भाड्याचं घर, तिथंच आम्ही दोघंही राहायचो. आता शेठ-वहिनी गावी परतलेत, त्या घराच्या जागी नवी इमारत उभी आहे, आणि मी अजून याच शहरात आहे. पुलावरून जाताना नजर आपोआप डावीकडं वळते. गॅलरी शोधते. गॅलरी नाही.

पहिल्या दिवशी मी त्या घरात आलो तेव्हा भाषेचा एक शब्द कळत नव्हता आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. वहिनींनी ताटात भाकरी वाढली. मी बघतच राहिलो, तर म्हणाल्या, "इथं ज्वारी मिळत न्हाय म्हणणारे आळशी असतात. हुडकावी लागती." मी त्या घरचा कुणी नव्हतो, पण त्या दिवसापासून जेवलास का हे विचारणारं एक माणूस मला त्या शहरात होतं. हे ऋण कशानं फिटतं मला माहीत नाही. मी फेडायच्या नादालाही लागलो नाही, फक्त घाबरून असायचो की आपल्या हातून ह्या बाईंचं काही बिघडू नये.

ससा त्यांच्याकडं शेजाऱ्यांकडून आला होता. त्या लोकांची दिल्लीला बदली झाली, ससा मागं राहिला. राखी रंगाचा, एक कान कायम पडलेला. वहिनींनी त्याला घरातल्यासारखं वाढवलं. दुधात कुस्करलेली पोळी, मऊ भात, केळं, चहाबरोबरचं बिस्कीट. मी एकदा म्हणालो, "वहिनी, गवत आणू का ह्याला?" तर म्हणाल्या, "गवत कशाला? मी काय त्याला गोठ्यात बांधलाय?" आमच्याकडं माया अशीच असते. ज्याच्यावर जीव, त्याला मऊ घालायचं, चावायचे कष्ट पडू द्यायचे नाहीत.

तर अण्णा म्हणाले रुसलाय, आणि मलाही ते पटायला हवं होतं. पण एक गोष्ट खुपत होती. रुसलेलं जनावर वाटीकडं फिरकत नाही. हा येत होता. पोळीचा तुकडा तोंडात घेत होता, जबडा दोनदा हलवत होता आणि तुकडा खाली टाकत होता. परत घेत होता, परत टाकत होता. हनुवटीखालची लव ओली झाली होती, पुढचे पाय लाळेनं चिकटले होते. आणि रोज सकाळी झाडून झाडून कंटाळा यावा इतक्या लेंड्या पडायच्या, त्या जागेवर आज काहीच नव्हतं.

मी खाली मामींकडं गेलो. मामी म्हणजे घरमालकीणबाई. सगळा रस्ता त्यांना मामी म्हणायचा, म्हणून मीही. तंजावरकडचं मराठी घराणं, किती पिढ्या तिकडं गेल्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचं मराठी ऐकलं की मला पोथी ऐकतोय असं वाटायचं, मध्येच तमिळ आलं की पोथी बंद व्हायची. माझ्या बोलण्याबद्दल त्यांचं मत होतं, "हें कसलें रे मराठी, फुटाणे चावल्यासारखें."

"मामी, ससा खात नाही."

"कधींपासून?"

"काल दुपारपासून असेल."

"अय्यो! आणि आतां सांगतोस? मुयल म्हणजे काय माणूस आहे, एकादशी धरायला?"

मुयल म्हणजे ससा. त्या माझ्या पुढं जिना चढून आल्या. वर अण्णा तयारच होते. दुकानातल्या हत्यारांची पिशवी त्यांच्यापाशी होती आणि आता त्यांचं मत बदललं होतं.

"दात वाढला असंल तर पकडीनं टच्‌कन तोडू. सोन्याची तार तोडतो आपुन. दाताचं काय एवढं."

"आधीं तुमचा तोडूं या," मामी म्हणाल्या. "मग विचारूं, दुखलें कां."

अण्णांनी पक्कड पिशवीत ठेवली.

भाजीच्या टोपलीत वहिनींची जुनी साडी अंथरली, त्यात ससा ठेवला आणि मामींसोबत ऑटोनं निघालो. ऑटोवाल्यानं टोपलीत डोकावून हसत काहीतरी विचारलं. त्यातला बिर्याणी हा शब्द मला समजला. मामींनी जे उत्तर दिलं ते समजलं नाही, पण तो दवाखाना येईपर्यंत आरशातूनसुद्धा मागं बघायला धजला नाही.

डॉक्टर तरुण बाई होत्या. सशाला टॉवेलात घट्ट गुंडाळून त्यांनी ओठ उचलला, पुढचे दात पाहिले. मी मनात म्हटलं, बघा, पांढरेफेक आहेत. पण त्या तिथं थांबल्या नाहीत. दिवा असलेली एक निमुळती नळी त्यांनी गालाच्या कडेनं आत घातली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग मामींशी तमिळमध्ये बोलू लागल्या, आणि मामी एकेक वाक्य माझ्याकडं सरकवू लागल्या.

"पुढचे दांत बरे आहेत म्हणते. मागें दाढा आहेत, त्यांस कांटे आलेत. ते जिभेंत रुततात. जीभ कापली आहे त्याची."

"दाढांना काटे?"

"मुयलाचे दांत जन्मभर वाढतात रे. आपल्या नखांसारखे. गवत चावून चावून झिजायला पाहिजेत. काय घालतां, विचारते."

मी सांगितलं. पोळी, दूध, भात, केळं, बिस्कीट. मामींनी ते तमिळमध्ये सांगितलं तेव्हा डॉक्टर हसल्या आणि काहीतरी बोलल्या.

"विचारते, हा मुयल आहे कीं जावई?"

मीही हसलो, पण पुढचं ऐकून हसणं राहिलं. सशाचं पोट थांबून चालत नाही. ते थांबलं की जीव जातो, आणि ह्याचं थांबायला लागलं होतं. आजच्या आज भूल देऊन ते काटे घासायला हवेत. तोंड एवढंसं, दाढा इतक्या आत, भुलेशिवाय होत नाही. आणि सशांना भूल सोसतेच असं नाही. शेवटी डॉक्टरांनी जे विचारलं ते मला मामींनी सांगायच्या आधीच कळलं. मालक कोण?

अण्णांनी निघतानाच बजावलं होतं, "फोन करू नगंस. आज हळद हाय तिकडं. हळदीत असलं सांगत न्हाईत." तेही खोटं नव्हतं. वहिनींना सख्खी एकच भाची. पण न विचारता केलं आणि ससा टेबलावरच दगावला, तर मी त्यांच्या ताटात परत हात कसा घालणार होतो? फोन हातात घेतला, खिशात ठेवला, परत काढला.

"तूं करतोस कीं मी?" मामी म्हणाल्या.

मी लावला. पलीकडं वाजंत्री, बायकांचा गलका. वहिनींचा आवाज त्यातून वर आला. "काय रं? बरा हायेस न्हवं?"

"मी बराय वहिनी. ससा..."

मागून शेठ ओरडले, "काय झालं? भट्टीचं काय?"

"भट्टी न्हाय, ससा!"

"ससा? आरं तिच्या, मला वाटलं सोनं गेलं."

मी सगळं सांगितलं. काटे, जीभ, भूल. वहिनी गलक्यातून बाजूला गेल्या असाव्यात, कारण आवाज कमी झाला आणि त्यांचा श्वास ऐकू यायला लागला.

"वाचंल का?"

"नाही केलं तर नाही वाचणार. केलं तर... डॉक्टरबाई खात्री देत नाहीत."

वहिनी मग म्हणाल्या, "तू तिथं हायेस. तू बघतोयस त्याला. तुला काय वाटतं?"

भट्टी कधी पेटवायची, कधी विझवायची, गावी कधी जायचं, सगळं मला सांगितलं जायचं आणि मी करायचो. त्यात मला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट बरं वाटायचं, चूक आपली होत नाही. आता उत्तर माझ्याकडूनच हवं होतं. मामी भिंतीवरच्या कुत्र्यांच्या चित्राकडं बघत उभ्या होत्या, मुद्दाम.

"करावं," मी म्हणालो.

"मग कर. आणि त्याच्याजवळ थांब."

आत मला जाऊ दिलं नाही. दाराबाहेर बाकावर बसलो. आतून बारीक यंत्राचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. दुकानात मी रोज कानस चालवतो, त्यामुळं हात कधी दाबतोय, कधी उचलतोय हे आवाजावरून ओळखू येतं. हात हलका होता. तेवढ्यावर मी तग धरून होतो. मामी पुटपुटत होत्या, मंत्र होता की तमिळ वर्तमानपत्र ते कळलं नाही.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा ससा टॉवेलावर आडवा होता, बरगड्या हलत होत्या. आमच्याकडं कानशीखाली पडलेली सोन्याची धूळसुद्धा कुणी फुंकत नाही, कुंचल्यानं गोळा करतात. इथं दाढांचा पांढरा चुरा त्यांनी कापसानं पुसून बादलीत टाकला. "झालं," हा शब्द त्यांनी मराठीतच म्हटला, मामींकडून ऐकून. पण खरं झालं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा तो स्वतः खाईल. तोवर वेदनेचं औषध आणि पिचकारीनं पातळ खाणं. आणि इथून पुढं गवत. सुकं गवत त्यांनी एक पिशवीभर दिलं. ताजं हवं तर अरुगमपुल, धुऊन.

"पिळ्ळैयारास वाहतात तें?" मामींना नवल वाटलं. मग मला म्हणाल्या, "दूर्वा रे, गणपतीच्या दूर्वा."

परतताना गणपतीच्या देवळापाशी ऑटो थांबवला. फुलवाल्या बाईकडं इकडच्या रिवाजाप्रमाणं गवताचे जाडजूड हार होते. मी एक हातात घेतला आणि वास आला. कांडी कांडीला मुळं फुटलेली, आडवी पसरणारी, हिरवी. हराळी! शाळा सोडल्यावर मी दोन वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं. आई पुढं, मी मागं, खुरपं घेऊन हराळी खणायची. वर ओढली तर तुटते आणि खालून दुप्पट येते, म्हणून मुळापर्यंत जायचं. नखांत माती, कंबर मोडलेली, आणि आई मध्येच उभी राहून पदरानं तोंड पुसत म्हणायची, "ही मेली कधी सरायची न्हाय." ते बांधावरचं ऊन, आईच्या बांगड्यांचा आवाज, डब्यातली कोरडी चटणी, सगळं त्या हारातून एकदम अंगावर आलं. जिच्या नावानं आम्ही बोटं मोडली ती इथं दोऱ्यात ओवून देवाच्या गळ्यात होती, आणि मला ती उराशी धरून उभं राहावंसं वाटत होतं. फुलवाली बाई हात पुढं करून वाट बघत होती.

घरी आल्यावर मी हार सोडला, धुतला, आणि गॅलरीत सशापुढं पसरला. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. अण्णा कामावरून आले, माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसले. पिचकारीनं दिलेलं त्यानं कसंबसं गिळलं. गवताकडं बघितलंही नाही. स्टेशनवरून गाड्या जात-येत राहिल्या. मामी खालून दोनदा विचारून गेल्या. मी मनात वाक्यं जुळवायला लागलो होतो, वहिनींना काय सांगायचं, कसं सांगायचं.

उन्हं गॅलरीच्या कठड्यावर आली तेव्हा त्याचं नाक हललं. मान पुढं आली. एक काडी त्यानं टोकाकडून धरली, आणि ती हळूहळू आत जायला लागली. मी खाली पडणार म्हणून बघत होतो. पडली नाही. जबडा आडवा फिरत होता, डावीकडून उजवीकडं, जात्यासारखा. त्यानं दुसरी घेतली.

"आरं तिच्या," अण्णा एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला आत गेले. धुराचा त्रास होतो म्हणाले. धूर कुठं होता?

फोन वाजला. पलीकडचा गलका दुपारपेक्षा वाढला होता. वहिनींनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"खाल्लं का?"

मी फोन सशाच्या तोंडाजवळ धरला. करकर, करकर, बारीक, एकसारखा आवाज. इतक्या वाजंत्रीत तो त्यांना काय ऐकू जाणार असं मला वाटलं, तरी मी फोन काढला नाही. बऱ्याच वेळानं मी तो कानाला लावला.

"वहिनी? ऐकू आलं का?"

"आलं," त्या म्हणाल्या. मग घसा खाकरून नेहमीसारख्या झाल्या. "आता तू जेव. सकाळपासून काय खाल्लं नसशील."