करवंटीभर गोडं पाणी

लक्षद्वीपच्या धक्क्यावर उतरताच आमच्या गळ्यात कागदी फुलांच्या माळा पडल्या आणि स्थानिक संस्कृती म्हणून वीस मिनिटं ढोल वाजला. वाजवणाऱ्यांतला एकजण मधूनमधून मोबाइल बघत होता. माझे सासरे तर समुद्राकडंही बघत नव्हते. ते आटपाडीकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. गावी त्यांची डाळिंबाची बाग वाळत चालली होती. तीन बोअर कोरडी गेली होती. परतल्यावर चौथं, आणखी खोल मारायचं, असं मशीनवाल्याशी ठरलेलं.

"पावणं, चला, गाव बघू," ते म्हणाले.

माडांखाली एका म्हातारीच्या परसात विहीर होती. विहीर कसली, पुरुषभर खड्डा. समुद्र तिथून शंभर पावलांवर. म्हातारीनं लांब काठीला बांधलेली करवंटी पाण्यात हलकेच बुडवली आणि आमच्या ओंजळीत ओतली. मी तोंड वाकडं करायच्या तयारीत होतो. पाणी गोडं होतं.

जिथं थक्क व्हा म्हणून पाटी लावलेली असते, तिथं मला हमखास जांभई येते. इथं पाटी नव्हती. जांभईही आली नाही.

सासऱ्यांनी दोनदा ओंजळ पुढं केली. मग पलटणीतली हिंदी बाहेर काढली. "अम्मा, और नीचे खोदो. मोटर लगाओ!"

म्हातारी हसली. "नीचे समंदर है."

मोडक्या हिंदीत तिनं सांगितलं, ते असं: पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. घाईनं उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून करवंटी.

सासरे विहिरीच्या काठावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा मुलाला फोन लावला. "मशीनवाल्याला नगं म्हणून सांग. माझ्या बानं खणलेली हीर हाय न्हवं, गाळानं भरलेली? ती उपसू. वढ्याचं पानी तिकडं वळवू."

"मामा, आपल्याकडं खाली समुद्र नाही, खडक आहे," मी म्हणालो.

"आवं, खडकात तीनदा जाऊन आलोय की मी."

निम्मी बाग गेली, निम्मी आहे. त्या विहिरीला गेल्या पावसाळ्यात पाणी आलं, फार नाही. मोटर बसवली आहे, पण तिच्या बटणाला सासरे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.